ऐंशी गिल्डरांचा गुलाम, निजामशाहीचा आधार

रमजानला सब्राचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ बहुतेक वेळा घेतला जातो. मात्र या अरबी शब्दात सोसण्याइतकाच टिकून राहण्याचाही अर्थ आहे. पाय रोवून उभे राहायचे आणि हाती घेतलेले काम सोडायचे नाही, हाही सब्रच. हा दुसरा अर्थ समजून घ्यायचा, तर चारशे वर्षांपूर्वी ज्याच्या घोडदळाने बुलढाणा जिल्ह्यातले घाट आणि वाटा तुडवल्या, त्या मलिक अंबरचे आयुष्य पाहावे.

सन १६२० ची गोष्ट. मेहकरात मोगलांची मोठी फौज तळ देऊन होती. समोरासमोरच्या लढाईत ती फौज हरत नव्हती. पण धान्य येण्याची एकही वाट मोकळी राहिली नव्हती. दाणावैरण येईना, बाजार भरेना. तीन महिने कळ काढून अखेर ती फौज घाटाखाली उतरली आणि बाळापूरला गेली. तिथेही निभाव लागेना, म्हणून मागे हटत हटत बऱ्हाणपूरला पोहोचली.

ही कोंडी करणारा सेनापती सत्तरी ओलांडलेला होता. चारच वर्षांपूर्वी याच मोगलांनी त्याचे शहर उद्ध्वस्त केले होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, लहान वयात, तो बाजारात विकला गेला होता.

बाजारात विकलेला मुलगा

सन १५४८ च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे त्या काळच्या हबश देशात, एका गरीब घरात हा मुलगा जन्मला. चापू हे त्याचे मूळ नाव. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधल्या मोखा बंदरात पोहोचला. १६१७ मध्ये दख्खनमध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रोक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, मोखाच्या बाजारात या मुलाची किंमत ऐंशी गिल्डर झाली होती.

मोखाहून तो बगदादला गेला. तिथल्या ज्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, त्याला मुलाच्या अंगची हुशारी दिसली. त्याने मुलाला लिहायला-वाचायला शिकवले. मुलगा मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. अंबर म्हणजे अत्तरात वापरले जाणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. आईबापांनी दिलेले नाव गेले, मुलूख गेला, भाषा गेली. हाती राहिली ती फक्त शिकलेली अक्षरे आणि शिकण्याची सवय.

पुढे १५७० नंतरच्या काही वर्षांत त्याला दख्खनमध्ये आणून विकण्यात आले. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. नावावरून तो मंगोल वाटतो, पण होता हबशी, आणि एकेकाळी स्वतःही गुलामच होता. दख्खनच्या सुलतानांना लढवय्या हबशी गुलामांची गरज असे. नातीगोती मागे सुटलेला असा माणूस धन्याशी एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब. पण याच व्यवस्थेत कर्तबगार माणसाला वर चढायला एक वाटही होती. ती वाट कुठवर जाते, हे अंबरला आपल्या धन्याकडे पाहूनच कळले असणार. चंगीझखानाच्याच पेशवाईत, १५७४ मध्ये, वऱ्हाडची इमादशाही संपली आणि वऱ्हाड निजामशाहीत आले.

त्यानंतर थोड्याच काळात चंगीझखान दरबारी कारस्थानाला बळी पडला. त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केले. गुलामाला मुक्त करणे हे इस्लाममध्ये मोठे पुण्यकर्म मानले आहे. रमजानमध्ये अनेक जण जकात काढतात. त्या जकातीच्या खर्चाच्या आठ बाबी ठरवून दिलेल्या आहेत आणि माणसाची मान गुलामीच्या जोखडातून सोडवणे ही त्यातली एक आहे. अंबरच्या मानेवरचे जोखड उतरले, तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला जवान होता.

दीडशे स्वार

जोखड उतरले, पण पुढे काय? धनी नाही, जहागीर नाही, पाठीशी घराणे नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षे अंबर साधा लष्करी चाकर म्हणून फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याने चाकरी केली. तिथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. पण हाताखाली माणसे बेताची आणि वरच्यांची मर्जी लहरी. ही वीस वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत चार ओळींत संपतात. त्याच्या वाट्याला मात्र ती एकेक दिवस करून आली होती.

१५९५ च्या सुमारास तो अहमदनगरला परतला. तेव्हा त्याच्याकडे सुमारे दीडशे स्वार होते. वेळ आणीबाणीची होती. अकबराच्या फौजांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि चांदबीबी किल्ला लढवत होती. १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा मुलूख अशा रीतीने मोगलांकडे गेला आणि हा सारा भाग दोन सत्तांच्या सरहद्दीवर आला. १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, अहमदनगरचा किल्ला पडला, बालराजा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला.

निजामशाही संपली, असेच पुष्कळांना वाटले. मलिक अंबरला तसे वाटले नाही. तेव्हा तो पन्नाशीचा होता. त्याने विजापूरच्या मुलखातून निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून काढला, आपली मुलगी त्याला दिली आणि परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मूर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले. राजधानी शत्रूकडे, खजिना रिकामा, पण गादी आहे आणि गादीवर राजा आहे, एवढे त्याने दाखवून दिले. विखुरलेले हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठा शिलेदार हळूहळू त्याच्याभोवती जमू लागले. दीडशेचे काही हजार झाले.

पहिला मोठा तडाखा लवकरच बसला. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानचा मुलगा मिर्झा इरज याच्याशी लढताना अंबर जबर जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. तो शत्रूच्या हाती पडणार तोच त्याच्या माणसांनी त्याला उचलून रणातून बाहेर काढले. जखम भरल्यावर त्याने सूड धरला नाही. खानखानानशी तह केला आणि सरहद्द ठरवून घेतली. हा खानखानान म्हणजे दोह्यांमुळे घरोघरी माहीत असलेला कवी अब्दुर्रहीम, आपला रहीम. कधी लढायचे आणि कधी दम घ्यायचा, ही समज अंबरला त्या जखमेने दिली असावी.

मिळालेली उसंत त्याने वाया घालवली नाही. निजामशाहीत त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या राजू दख्खनीचा १६०७ च्या सुमारास पाडाव करून त्याने दौलताबाद हाती घेतले. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत मिळवला.

खडकी आणि जमिनीखालचे पाणी

त्याच सुमारास त्याने दौलताबादजवळ खडकी नावाच्या गावी नवे शहर वसवायला घेतले. हेच पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. लढाईत आयुष्य घालवलेल्या या माणसाने शहरासाठी आधी पाण्याचा विचार केला. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले पाणी जमिनीखालून खोदलेल्या नहरीतून शहरात आणले. ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि सफाईसाठी झरोके ठेवले आणि उताराच्या जोरावर पाणी घरोघरच्या, मशिदींच्या, बाजारपेठांच्या हौदांपर्यंत पोहोचवले. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या ओढीने येई. नहर-ए-अंबरी या नावाने ती आजही ओळखली जाते.

दुसरे मोठे काम शेतसाऱ्याचे. त्या काळी गावांचा सारा मक्त्याने देण्याची चाल होती. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून हवे तेवढे उकळी. अंबरने ही चाल मोडली. जमिनीचा मगदूर पाहून, पीकपाणी पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने घातली. आधी धान्याच्या वाट्याने आणि पुढे रोखीने वसुली होऊ लागली. शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या वंशपरंपरागत हक्काला मान्यता मिळाली. सततच्या लढायांनी उजाड झालेल्या मुलखात रयत टिकली, तरच फौज टिकेल, हे त्याला कळले होते. मलिक अंबरची धारापद्धत म्हणून तिची आठवण पुढच्या राजवटींनीही ठेवली.

सगळेच काही उजळ नव्हते. ज्याला त्याने गादीवर बसवले, त्या मूर्तझा निजामशहाशी त्याचे बिनसले. १६१० मध्ये मूर्तझाचा मृत्यू झाला आणि त्यामागे अंबरचा हात असल्याचे त्या काळच्या डच नोंदीत म्हटले आहे. त्याच्या जागी एक लहान मूल गादीवर आले आणि सारी सत्ता अंबरच्या हाती राहिली. चिकाटीच्या माणसाची दरवेळी पूजाच करावी असे नसते. त्याच्या हिशेबातली ही बाजूही वाचावी लागते.

सोडून गेलेले सरदार

१६१६ मध्ये त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला. अंबरच्या बाजूचे काही सरदार त्याच्याशी बिनसल्याने बाळापूरला मोगल सेनापती शाहनवाझखानाला जाऊन मिळाले. हा शाहनवाझखान म्हणजे नांदेडजवळ अंबरला जखमी करणारा तोच मिर्झा इरज. फुटून गेलेल्यांत सिंदखेडचे लखुजी जाधवराव होते. आजच्या सिंदखेडराजाचे हे देशमुख, जिजाऊंचे वडील. त्यांचे वतन वऱ्हाड आणि निजामशाही यांच्या सरहद्दीवर होते. अशा जागी राहणाऱ्या वतनदाराला दोन्ही बाजूंकडे पाहून पावले टाकावी लागत. तरीही अंबरच्या दृष्टीने हा घाव मोठा होता. ज्यांना त्याच्या फौजेची बलस्थाने आणि कच्चे दुवे माहीत होते, तेच शत्रूच्या तळावर बसले होते.

फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला लढाई झाली आणि अंबरचा पराभव झाला. मोगल फौज खडकीपर्यंत पोहोचली. तिने शहर लुटले, जाळले, इमारती पाडल्या आणि मग ती परत फिरली. सहा वर्षे खपून वसवलेले शहर काही दिवसांत राखेत गेले.

याच काळात बादशहा जहांगीरने एक चित्र काढवून घेतले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे, असे ते चित्र. अबुल हसन या नामवंत चित्रकाराचे हे काम आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जे रणात जमले नाही, ते बादशहाने कागदावर करून घेतले. प्रत्यक्षातला अंबर जिवंत होता आणि जळलेल्या खडकीकडे परतला होता.

१६१७ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये आला. अंबरला अहमदनगरचा किल्ला आणि जिंकलेला मुलूख सोडावा लागला. तह झाला. जवळजवळ सत्तर वर्षांच्या माणसाला थांबायला एवढे कारण पुरेसे होते. तो थांबला नाही. मोडलेले शहर सावरले, फौज जमवली, विजापूर आणि गोवळकोंड्याशी संधान बांधले. १६२० मध्ये जहांगीर दूर काश्मीरकडे असताना त्याने चाल केली, आणि मोगल फौज मेहकरात अडकली ती याच वेळी.

ही लढाईची रीत त्याने वर्षानुवर्षे घडवली होती. मोगलांकडे जड तोफा, हत्ती, मोठी छावणी आणि मोठे बाजारबुणगे. अंबरकडे हलके घोडेस्वार, त्यातले पुष्कळसे मराठे. घाटवाटा, नद्यांचे उतार आणि गावकुसाबाहेरच्या पाऊलवाटा जाणणारे. मोठ्या फौजेला अंगावर घ्यायचे नाही. तिची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, तिला भुकेने आणि थकव्याने मागे सारायचे. या रीतीलाच गनिमी कावा म्हणतात. मेहकरचा घाट उतरून मागे गेलेल्या मोगल फौजेने तो पोटाने अनुभवला.

तरी हा विजयही फार टिकला नाही. १६२१ मध्ये खुर्रम पुन्हा आला आणि खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. निजामशहाला घेऊन अंबर दौलताबादच्या आश्रयाला गेला. अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा या तिन्ही राज्यांना मिळून पन्नास लाख रुपयांची खंडणी कबूल करावी लागली. अंबर पुन्हा उठला.

भातवडीचा तलाव

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूर एक झाले आणि त्यांच्या फौजा अंबरवर चालून आल्या. अंबर पंचाहत्तरी ओलांडलेला. अहमदनगरपासून जवळच भातवडी गावी त्याने जागा निवडली. तिथे मोठा तलाव होता. त्याने तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या वाटेवर पसरले, चिखल झाला, जड फौजेचे पाय अडकले. मग रात्रीचे छापे सुरू झाले. छावणीत धान्य महागले, माणसे फुटून अंबरकडे येऊ लागली. शेवटी झालेल्या लढाईत विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि मोगल सरदार कैद झाले. ज्याने शहराला पाणी पाजायला नहर खोदली, त्यानेच पाण्याने लढाई जिंकली.

या रणात बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातली एक हुरहुर लावणारी गाठ आहे. अंबरच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले. आणि समोरच्या, मोगलांच्या बाजूला होते लखुजी जाधवराव, शहाजीराजांचे सासरे. सिंदखेडची लेक जिजाऊ या रणाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या होत्या. एकीकडे वडील, दुसरीकडे पती. पुढे पाचच वर्षांनी, १६२९ मध्ये, लखुजी दौलताबादला निजामशहाच्याच दरबारात दग्याने मारले गेले. तेव्हा अंबर हयात नव्हता.

काय उरले

मे १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास, मलिक अंबरला मृत्यू आला. तो रणात पडला नाही, कैदेत गेला नाही. खुलताबादला, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या शेजारी, त्याची कबर आहे. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख कधी सरळ शब्दांत केला नव्हता. त्याच्या रंगावरून आणि नशिबावरून शिव्याच दिल्या होत्या. पण अंबर गेल्यावर त्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या युद्धकौशल्याची, राज्यकारभाराची आणि अखेरपर्यंत टिकवलेल्या मानाची मोकळ्या मनाने तारीफ केली. गुलाम म्हणून आलेल्या माणसाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण त्याला आठवले नाही.

मग अंबर यशस्वी झाला का? राज्याच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर अवघड आहे. त्याचा मुलगा फतेहखान याला बापाचा वकूब नव्हता. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांना देऊन टाकले आणि १६३६ मध्ये निजामशाही नकाशावरून पुसली गेली. ज्या गादीसाठी अंबर पंचवीस वर्षे झगडला, ती त्याच्यामागे दहा वर्षेच टिकली.

पण त्याच्या कामाचा हिशेब फक्त गादीपाशी संपत नाही. दोनदा उद्ध्वस्त झालेले खडकी गाव आज मराठवाड्याचे सर्वांत मोठे शहर आहे. जमिनीखालची नहर पिढ्यानपिढ्या त्या शहराला पाणी देत राहिली. सारा ठरवण्याची रीत राजवटी बदलल्या तरी लोकांच्या आठवणीत राहिली. त्याच्या फौजेत भाला धरलेल्या मराठा घराण्यांनी मोठ्या बादशाहीला हलक्या घोड्यांनी कसे दमवायचे, हे जवळून पाहिले. भातवडीला लढलेल्या शहाजीराजांच्या आणि सिंदखेडच्या जिजाऊंच्या घरात पुढे शिवरायांचा जन्म झाला.

लढाया त्याने जिंकल्या तशा हरल्याही. नांदेडला घोड्यावरून पडला, रोशनगावला मोडला, खडकीची राख दोनदा पाहिली. प्रत्येक वेळी राख निवल्यावर तो आधी हाताशी उरलेली माणसे मोजायचा आणि मग कामाला लागायचा. मोखाच्या बाजारात ऐंशी गिल्डरांना विकलेल्या मुलाजवळ पहिल्या दिवसापासून एवढेच होते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ते कोणी हिरावून घेऊ शकले नाही. सब्र म्हणतात तो हाच.